निळ्या पापण्यांची गौरी

अमेरिकेहून परत आलं की सांगलीत पहिला प्रश्न येतो, नायगारा पाहिला का? नाही पाहिला. दुसरा प्रश्न, ती मशाल धरलेली बाई? तीही नाही. मग इतके दिवस तिकडे केलंस तरी काय, असं तोंडावर कुणी विचारत नाही, पण चेहऱ्यावर स्पष्ट दिसतं. तर जे गेलेले नाहीत त्यांच्यासाठी सांगून टाकते. मी भाचीच्या गाडीतून गावोगाव हिंडले आणि लहान मुलींचे जुनेपुराणे हॅलोविनचे, म्हणजे तिकडच्या भुताखेतांच्या सणाला घालायचे, कपडे बघितले. तेही साधेसुधे नाहीत, एका बाहुलीचे.

बाहुली कोणती ते सांगायला नको. पिवळे केस, न वाकणारे पाय आणि कंबर अशी की पोरगी जन्मात पोटभर जेवलेली नसावी. तुमच्याही घरात एखादी येऊन गेली असेल. नाव मी घेत नाही. आमच्या पिढीत नवऱ्याचंही घेत नसत, ही कोण लागून गेली?

या कामासाठी माझी पात्रता मात्र चोख. सांगलीत आमचं ड्रेपरीचं दुकान, म्हणजे नाटकांना आणि शाळांच्या गॅदरिंगला भाड्याने कपडे द्यायचं. मावळे, राण्या, भाजीवाल्या, टोमॅटो आणि 'मी झाड आहे, मला तोडू नका' म्हणणारी झाडं, सगळं माझ्या हाताखालून गेलंय. एकेका टोमॅटोत गावातली दोनदोन पिढ्यांची पोरं घामाघूम झालीत. कपडा जितका अंगावर चढेल तितका गुणाचा, हे मी आयुष्यभर धरून चालले होते. अमेरिकेने पहिल्याच दिवशी ते खोडून काढलं.

डब्लिन

ओहायोतल्या डब्लिनला माझी भाची मुग्धा राहते. माझ्या धाकट्या बहिणीची, नंदाची ती मुलगी. दुधाचे दात घेऊन अमेरिकेला आली, आता एका विमा कंपनीत कॉम्प्युटरवर मोठ्या हुद्द्यावर आहे. गाव आखीव. झाडं पिवळीलाल झालेली, आणि प्रत्येक घरापुढे भोपळा. भोपळा खायचा नाही हं, ठेवायचा. काही घरांपुढे हाडांचे सापळे खुर्च्या टाकून बसवलेले. आपल्याकडे दारात लिंबूमिरची टांगतात, इथे लोक भुताला बसायला खुर्ची देतात.

मुग्धाच्या घरातली एक अख्खी खोली खोक्यांची. खोक्याला वर पारदर्शक खिडकी, आणि प्रत्येक खिडकीतून तेच तोंड दात काढून आपल्याकडे बघतंय. आत दोनच गोष्टी. एक पातळ प्लॅस्टिकचा मुखवटा, मागे इलॅस्टिक. आणि एक झगा, ज्याच्या छातीवर पुन्हा त्याच बाहुलीचं चित्र नि खाली ठळक अक्षरांत तिचं नाव. म्हणजे मुलीने बाहुलीचं तोंड लावलं, तरी कुणाला शंका राहायला नको म्हणून वर फोटो आणि नाव. आमच्याकडे निवडणुकीत उमेदवाराची माणसं अशी फिरतात.

"अगं, पण ही बाहुली असला झगा घालते कुठे? तिचे कपडे किती झोकदार असतात!" मी म्हटलं.

"मावशी, दॅट्स द पॉइंट. इट्स सो बॅड. म्हणून तर गोड आहे ना!"

मी आतली शिलाई बघावी म्हणून एका झग्याला हात घातला, तर मुग्धा केवढ्याने ओरडली! "मावशी, प्लीज! टच नको करूस. तो मिंट आहे!"

मिंट म्हणजे कोरा, कधी न घातलेला. या छंदात घातलेल्या कपड्याला मान कमी. ज्या पोरीने आईबापांपुढे हट्ट करकरून तो घेतला, आणि ऐन दिवशी ताप येऊन झोपली, तिचं खोकं सगळ्यात भारी. मी मनात म्हटलं, माझं दुकान इथे असतं तर मी पहिल्याच वर्षी उपाशी मेले असते. आणि शिलाई म्हणाल, तर मी चोरून बघितलीच. माझ्याकडच्या कारागिराने असली दिली असती तर त्याला मी तो झगा घालून गावभर फिरवला असता.

रात्री जेवताना मी तिला विचारलं, हे खूळ डोक्यात आलं कुठून? वाटलं होतं हसेल. हसली नाही. ताटातल्या मेथीच्या भाजीकडे बघत सांगायला लागली.

ती पहिलीत होती. वडील, विजयराव, तेव्हा ॲन आर्बरला विद्यापीठात शिकत होते. नंदाला सासरच्या गौरी बसवायच्या होत्या. सासूबाईंनी साताऱ्याहून कुणाबरोबर तरी शाडूचे दोन मुखवटे पाठवले, त्यांचा वाटेत भुगा झाला. त्या वर्षी अधिक महिना असल्यामुळे गौरी उशिरा आलेल्या, आणि दुकानांत तोवर हॅलोविनचा माल लागलेला. नंदा मुलीला घेऊन दुकानात गेली आणि तिने या बाहुलीची दोन खोकी घेतली. मुग्धाला वाटलं आपल्यासाठी! एक नाही, दोन! घरी येऊन आईने मुखवटे काढले, दुधाच्या मोठ्या कॅनवर बसवले, कुंकू लावलं, नाकात नथ घातली, साड्या नेसवल्या. थोरली आणि धाकटी. विसर्जन झाल्यावर मुग्धाने विचारलं, आता घालू? तर नंदा म्हणाली, देवीचं तोंड आहे ते, आपण घालायचं नसतं.

"मग हॅलोविनला काय झालीस तू?"

"फ्रॉकवर स्वेटर आणि टिकली. आई म्हणाली, कोणी विचारलं तर सांग, इंडियन प्रिन्सेस."

इथपर्यंत मला हसू येत होतं. मग ती म्हणाली, "मावशी, आई म्हणते असं काही झालंच नाही. 'देवीला मी असलं तोंड लावेन का? तुला स्वप्न पडलं असेल.' किती वर्षं तेच. बाबा असते तर त्यांनी सांगितलं असतं. आता दुसरं कोणी नाहीये. मी एवढी रडले होते, ते पण खोटं? आता मलाच वाटायला लागलंय, आय मेड इट अप."

एवढी पंचेचाळिशी उलटलेली बाई, पण विचारत होती पहिलीतल्या पोरीसारखी. मला फार वाईट वाटलं. तरी मी माझं मत दिलंच, कारण मत गिळायची मला सवय नाही. नंदा असलं काही करणं शक्य नव्हतं. लहानपणी भातुकलीतल्या देवाला पारोसा हात लागला तर दिवसभर बोलायची नाही ती. आता ती राहते त्या मॉरिसव्हिलला तिच्या हाताखाली पुण्या-नागपूरच्या पोरी गौरी बसवायला शिकतात. एकीने थर्माकोलचे मुखवटे आणले तर नंदाने तिला असं काही सुनावलं की ती पोर पुढच्या वर्षी आलीच नाही. अशी बाई देवीला दात काढणारं तोंड लावेल?

मुग्धाने फोन पुढे केला. ॲन आर्बरजवळच्या कुणा बाईने विकायला टाकलेल्या मुखवट्याचा फोटो होता. खाली लिहिलं होतं: खोकं नाही, झगा नाही, मुखवटा खराब. कपाळावर लाल डाग. नाकाला भोक.

"उद्या निघू या," मी म्हटलं.

रस्त्यात एक जुना बाजार

वाटेत एका छोट्या गावात आम्ही जेवायला थांबलो. तिथली ॲपल पाय, म्हणजे सफरचंदाचं सारण भरून भाजलेली जाड पोळी, अप्रतिम, आणि तुकडा एवढा की आपल्याकडे पंगतीला पुरावा. शेजारीच जुन्या वस्तूंचा बाजार होता. तिथे न शिरता मुग्धाची गाडी पुढे जाणं अशक्य.

सांगलीच्या मार्केट यार्डाएवढं छप्पर, आत गाळेच गाळे, आणि गाळ्यात लोकांची घरं उलटी केलेली. गंजलेले डबे, फुटके कप, कुणाच्या तरी आजोबांचा लग्नातला फोटो चौकटीसकट. आपल्याकडे बोहारणीला देताना आपण 'यात काही राहिलं नाही' म्हणतो. इथे त्यात काही राहिलं नाही म्हणूनच घेतात.

मी साडीत, पायात मुग्धाचे जुने बूट. एक चिमुरडी माझ्यापुढे थांबली, मला वरून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "आय लव्ह युवर कॉस्च्यूम!" तिची आई ओशाळली. मी म्हटलं, थँक्यू, घरी असे बरेच आहेत.

एका गाळ्यात ती बाहुली टांगलेली दिसली. मुग्धा दुसरीकडे गुंतलेली. मी मुखवटा काढला आणि म्हटलं, पोरी यात श्वास कशा घेत असतील ते तरी बघावं. इलॅस्टिक डोक्यामागे ओढलं आणि टपकन तुटलं. गाळेवाला म्हातारा खुर्चीवरून उठला आणि त्याने भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं. तोडाल ते घ्याल. घेतला मग. मुग्धा गाडीत बसेपर्यंत माझ्याशी बोलली नाही. पण श्वासाचं उत्तर मला मिळालं होतं: घेता येत नाही.

ॲन आर्बर

गावभर विद्यार्थी. सायकली, बस, पाठीवर दप्तरं, आणि हवेत असा गारठा की माझे सांगलीचे गुडघे तक्रार करायला लागले. दोन मराठी पोरं बसस्टॉपवर "यार, सुपरवायझरने मीटिंग कॅन्सल केली" म्हणत नाचत होती. मुग्धाने मला ते विवाहित विद्यार्थ्यांचे ब्लॉक दाखवले जिथे ती वाढली. म्हणाली, जिना तोच आहे, पण मला मोठा वाटायचा.

मार्लीनचं घर गावाबाहेर, मक्याच्या शेतांच्या कडेला. मार्लीन म्हणजे ती विकणारी बाई. माझ्याच वयाची, अंगात पुरुषी जॅकेट. गॅरेजमध्ये भिंतभर मुखवटे लावलेले. तिने आधी आम्हाला गरम सफरचंदाचा रस दिला, मग एका डब्यातून तो मुखवटा काढला.

"हा मी फार वर्षांपूर्वी विद्यापीठाच्या ब्लॉकपाशी एका यार्ड सेलमध्ये घेतला," ती म्हणाली. यार्ड सेल म्हणजे अंगणात मांडून घरातलं विकणं. "एक सभ्य तरुण माणूस विकत होता, गाव सोडून चालले होते. कुठल्या तरी पोराचं डोकं सॉलिड चाललेलं दिसतंय. बघा, बाहुलीला कपाळात गोळी घातलीय."

गोळी! मुग्धाने माझ्याकडे बघितलं. मी चष्मा पुसला आणि मुखवटा हातात घेतला. या वेळी मला कुणी टच नको करूस म्हटलं नाही.

पिवळे केस, निळ्या पापण्या, दात. कपाळावर लाल गोल, जरा डावीकडे कललेला. मी नख लावून बघितलं. रंग नव्हता. खाली मेण, वर कुंकू. प्लॅस्टिकवर नुसतं कुंकू ठरत नाही, आधी मेणाचं बोट लावावं लागतं. आमची आई पितळी मुखवट्यांना तसंच लावायची. मग मी भोक बघितलं. डाव्या नाकपुडीत. कडा गोल, जाडसर, वितळलेली. खिळ्याने पाडलं असतं तर चीर गेली असती. हे तापवलेल्या सुईचं काम, आणि आमच्या घरात बाहुल्यांना नथ घालायला ते दोघीच करायच्या, मी आणि नंदा.

"तुझ्या आईचं आहे," मी म्हटलं. मुग्धाने दोन्ही हात तोंडावर ठेवले आणि ती मार्लीनच्या गवत कापायच्या मशीनवर जी बसली ती रडतच राहिली. मार्लीन घाबरली. मग मुग्धाने तिला सगळं सांगितलं. नको तितकं सांगितलं, कारण ऐकून झाल्यावर मार्लीनने मुखवटा परत डब्यात ठेवला आणि डबा छातीशी धरला.

"मग मी हा विकू शकत नाही," ती म्हणाली. "देव कसा विकणार? हा म्युझियममध्ये द्यायला हवा. निदान तुमच्या देवळाला विचारायला हवं."

घ्या! मघाशी गोळी घातलेली बाहुली होती, आता म्युझियमखाली बोलणं नाही. मुग्धा तिची मनधरणी करायला लागली. ईमेल, पुरावा, आईचा जुना पत्ता. मार्लीन ऐकेना, उलट फारच आदराने ऐकेना. शेवटी मी माझं दुकानदारीचं इंग्रजी बाहेर काढलं.

"हे बघ मार्लीन, ही देवी म्हणजे माहेरी आलेली लेक. दोन दिवस राहते, जेवते, तिसऱ्या दिवशी जाते. तुझ्याकडे जरा जास्तच राहिली, एवढंच. आता न्यायला माणसं आलीत. लेकीला कुणी म्युझियममध्ये ठेवतं का? तिला गोड खायला घालायचं आणि पाठवायचं."

मार्लीन विचारात पडली. "गोड म्हणजे काय?"

"आम्ही कानवले करतो. कडेला मुरड घालून. म्हणजे ती परत वळून येते."

ती घरात गेली आणि बशीत एक डोनट घेऊन आली. पीळ घातलेला, वर साखर. तिने तो मुखवट्यापुढे ठेवला आणि डोळे मिटून उभी राहिली, अगदी मनापासून. मग मला हळूच विचारलं, पण ती परत आली तर मी काय करायचं? मी म्हटलं, पुन्हा डोनट दे.

मॉरिसव्हिल

नॉर्थ कॅरोलायनाला पोचेपर्यंत हवा मऊ झाली होती. नंदा तिथे एकटीच एका जोडघरात राहते. आजूबाजूला आपलीच माणसं, त्यामुळे एकटी म्हणजे फक्त झोपण्यापुरती. आम्ही शिरलो तेव्हा ती फोनवर कुणाला तरी चकलीची भाजणी सांगत होती. "नाही, मिक्सरमध्ये नाही. का म्हणजे? नाही म्हटलं ना!" फोन ठेवला, मला मिठी मारली, आणि म्हणाली, "ताई, किती बारीक झालीस! ही तुला गाडीतून उकिरडे फुंकायला नेत होती ना?"

जेवायला अळूचं फदफदं, वरणभात, लिंबाचं लोणचं. मुग्धा नुसती चिवडत होती. सगळा रस्ताभर बोललेली पोर, आईपुढे गप्प. तिला भीती कसली वाटत होती ते मला कळत होतं. मुखवटा बघून आई पुन्हा 'मी नाही' म्हणाली तर? मग हिच्याकडे काय उरणार होतं? पुरावा हातात असून आईने खोटं ठरवलं तर ते पहिल्यापेक्षा वाईट.

"काढ की," मी म्हटलं.

तिने पिशवीतून टॉवेलची गुंडाळी काढली आणि टेबलावर उलगडली. निळ्या पापण्यांची ती गौरी नंदाच्या फदफद्याच्या भांड्याशेजारी दात काढून बसली.

नंदाने बघितलं. नॅपकिनला हात पुसले, मग उठून नळाखाली धुतले, कोरडे केले आणि मुखवटा उचलला. आतून बघितला, बाहेरून बघितला. मग पिशवी ओढून तिच्यात हात घातला, चाचपलं, आणि मुग्धाला विचारलं, "धाकटी कुठंय?"

मीच म्हटलं, "नंदे, म्हणजे होत्या?"

"होत्या म्हणजे? मग काय दुधाच्या कॅनवर नुसती साडी नेसवणार होते? ही थोरली. हिचं कुंकू तिरकं गेलं होतं." आणि मग ती खुर्चीत बसली. "सासूबाईंनी फोनवर विचारलं, मुखवटे नीट पोचले ना? मी हो म्हटलं. एकदा हो म्हटल्यावर काय करणार? पुढे इथे सगळ्या मला विचारायला यायला लागल्या. त्यांना काय सांगू, माझी देवी हॅलोविनच्या खोक्यातली आहे?"

"पण मला?" मुग्धा म्हणाली. "मला का खोटं पाडलंस, आई?"

नंदाने मुखवट्याच्या नाकावरून बोट फिरवलं.

"तू जिन्यात बसून रडत होतीस. सगळ्यांची पोरं नटून दारोदार चाललेली आणि तू स्वेटर घालून. मला तो दिवस आठवायचाच नव्हता गं. नाही नाही म्हणत गेले की वाटायचं, खरंच नव्हता झाला."

तिने पदराने डोळे पुसले. मग एकदम उठली, मुग्धाच्या मागे जाऊन उभी राहिली, मुखवटा पुढे धरला आणि म्हणाली, "घाल."

"आई, देवीचं तोंड आहे."

"कधीच विसर्जन झालंय तिचं. घाल म्हणते ना!"

इलॅस्टिक तर त्याच वर्षी कापलेलं. नंदाने मागून दोन्ही हातांनी मुखवटा लेकीच्या चेहऱ्यावर धरला. सहा वर्षांच्या पोरीच्या मापाचा, तो कपाळापासून नाकाच्या खालपर्यंतच आला. खाली मुग्धाची हनुवटी हलत होती. मी जागची हलले नाही.

"दिसतंय का गं नीट?" नंदाने विचारलं.

"नाही," आतून आवाज आला. "पण काढू नकोस."